सायकलिंगवर पुन्हा विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारावर?

प्रश्न थोडक्यात असा: डोपिंगमुळे, म्हणजे बंदी असलेली उत्तेजकं घेतल्यामुळे, अमेरिकी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्सची सात जेतेपदं गेली त्याला दशक उलटलं. आजचे विजेते त्याच घाटांवर त्या काळापेक्षाही वेगाने चढतात आणि त्यांच्या चाचण्या निगेटिव्ह येतात. मग विश्वास ठेवायचा, की पुन्हा एकदा फसायची तयारी ठेवायची? दुसरं म्हणजे, जे तेव्हा पकडले गेले त्यांतले काही आज संघांच्या गाडीत बसून सूचना देताना दिसतात. हे कसं काय चालतं?

मी बरीच वर्षं रोड शर्यतींमध्ये नमुने घेण्याचं काम केलं. डोपिंग नियंत्रण अधिकारी असं भारदस्त नाव आहे, प्रत्यक्षात काम बाटल्या भरून घेण्याचं. मी प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ नाही आणि वकीलही नाही. म्हणून उत्तराची सुरुवात माझ्या ओळखीच्या खोलीतूनच करतो, कारण ‘चाचणी निगेटिव्ह’ या दोन शब्दांवर लोक नको तितका भार टाकतात.

डोंगरातला टप्पा संपतो. अंतिम रेषेपलीकडे आमचा एक माणूस उभा असतो. तो रायडरला सूचनापत्र देतो, सही घेतो आणि त्या क्षणापासून त्याला नजरेआड होऊ देत नाही. बक्षीस समारंभ, मुलाखती, कोरडे कपडे, सगळीकडे मागे मागे. मग आमची खोली: चार खुर्च्या, सीलबंद पाण्याच्या बाटल्या, एका टेबलावर नमुन्याचे संच. पाच-सहा तास उन्हात सायकल मारून आलेल्या माणसाच्या अंगात पाणी उरलेलं नसतं, आणि आम्हाला हवी असते किमान ९० मिलिलिटर लघवी. घाईघाईने पाणी ढोसलं तर लघवी पातळ होते, विशिष्ट घनता १.००५च्या खाली जाते आणि पुन्हा थांबावं लागतं. टीमची बस निघून जाते, बाहेरचं मैदान रिकामं होतं, आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलेलो असतो. नमुना देताना शर्ट छातीपर्यंत वर, बाह्या कोपरापर्यंत, चड्डी गुडघ्यापर्यंत खाली, आणि मी समोर उभा राहून बघायचं. दोघांनाही लाज वाटते. पण हा नियम उगीच आलेला नाही. १९७८च्या टूर द फ्रान्समध्ये बेल्जियमचा मिशेल पोलेंटियर आल्प द्युएजचा टप्पा जिंकून पिवळी जर्सी, म्हणजे एकूण क्रमवारीत पहिल्याची जर्सी, घालून चाचणीला आला, तेव्हा त्याच्या काखेत दुसऱ्याच्या लघवीची रबरी पिशवी होती आणि तिथून खाली नळी सोडलेली होती. त्याला त्याच दिवशी शर्यतीबाहेर काढलं.

नंतरचं सगळं रायडरने स्वतः करायचं. संच त्याने निवडायचा, बाटल्यांमध्ये त्याने ओतायचं, झाकणं त्याने आवळायची. मी हात लावायचा नाही. फॉर्म मात्र मी भरायचा. एकदा बाटलीच्या क्रमांकातले दोन आकडे मी उलटे लिहिले. समोर विशीतला पोरगा, दिवसभराने पार गळालेला, तीन तास ताटकळलेला. सही करायच्या आधी त्याने बाटली उचलली, फॉर्मशेजारी धरली आणि आकड्यावर बोट ठेवलं. मला दरदरून घाम फुटला. त्या दोन आकड्यांपायी एखादा दोषी सुटू शकला असता, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याच्याच गळ्यात काही आलं असतं. तेव्हापासून मी क्रमांक रायडरलाच मोठ्याने वाचायला लावायचो.

तर, हे सगळं बिनचूक झालं आणि निकाल निगेटिव्ह आला, तर त्याचा अर्थ एवढाच: त्या दिवशीच्या त्या बाटलीत, प्रयोगशाळेला शोधता येतात ती द्रव्यं, शोधता येतील इतक्या प्रमाणात सापडली नाहीत. माणूस स्वच्छ आहे, असं त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नसतं.

आर्मस्ट्राँग वर्षानुवर्षं हाच कागद फडकवत होता. आपण शेकडो चाचण्या दिल्या आणि एकही पॉझिटिव्ह आली नाही, हे त्याचं पालुपद होतं. त्यातही अर्धसत्य होतंच. १९९९च्या टूरमध्ये त्याच्या नमुन्यात कॉर्टिकोस्टेरॉइड, म्हणजे सूज दाबणारं औषध, सापडलं होतं. खोगीर घासून झालेल्या जखमेवर मलम लावल्याची चिठ्ठी मागच्या तारखेने तयार झाली आणि प्रकरण मिटलं. ईपीओ हे रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं संप्रेरक; त्याची लघवीतली चाचणी वापरात आली ती २००० मध्ये. म्हणजे १९९०च्या दशकात जे सर्वांत जास्त वापरलं जात होतं, ते शोधायचं साधनच नव्हतं. १९९७ पासून आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, हिमॅटोक्रिटची मर्यादा ५० टक्के ठेवली. रक्तात लाल पेशींचा वाटा त्याहून जास्त निघाला तर १५ दिवस विश्रांती, कारण म्हणे आरोग्य. झालं काय, तर पन्नास ही मर्यादा न राहता लक्ष्य बनलं. संघांच्या डॉक्टरांकडे रक्त फिरवायची छोटी यंत्रं आली, सकाळी आकडा बघायचा आणि जास्त भरला तर सलाइन चढवायचं. १९९८च्या जागतिक स्पर्धेत चाचणी अधिकारी दारात आलेला असताना संघाच्या डॉक्टरने रेनकोटखाली सलाइनची पिशवी लपवून त्याच्या समोरून आत नेली, आर्मस्ट्राँगला चढवली आणि मग त्याला चाचणीला बसवलं. अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे यूसाडाच्या, २०१२च्या निर्णयपत्रात हे साक्षीसकट नोंदलेलं आहे. वाचताना मला पहिला विचार आला तो त्या अधिकाऱ्याचा. त्याच्या जागी मीही असू शकलो असतो, आणि मलाही कळलं नसतं.

आता मोठी प्रकरणं फुटली कशी ते बघा. १९९८ मध्ये टूर सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, ८ जुलैला, फेस्टिना संघाचा मालिशवाला विली वुट बेल्जियमच्या सीमेवर फ्रान्सच्या कस्टमवाल्यांच्या हाती लागला. गाडीत ईपीओ, ग्रोथ हॉर्मोन, टेस्टोस्टेरॉन असा दुकानभर माल. हे लघवीच्या बाटलीने पकडलं नव्हतं. २००६ चं स्पेनमधलं ऑपेरासिओन पुएर्तो, डॉक्टर फुएन्तेसच्या फ्रीजमधल्या, खेळाडूंना परत चढवायला ठेवलेल्या दोनशेहून जास्त रक्ताच्या आणि प्लाझ्माच्या पिशव्या: पोलीस. २०१९ मध्ये जर्मन डॉक्टरचं रक्त काढून परत चढवायचं जाळं, ज्यात स्कीवाल्यांबरोबर सायकलवालेही होते: पोलीस, आणि त्याआधी एका खेळाडूची कबुली. खुद्द आर्मस्ट्राँग: २६ जणांच्या शपथेवरच्या साक्षी, त्यांत त्याचे ११ माजी सहकारी. एवढ्या सगळ्या बाटल्या भरून झाल्यावर माझ्यासारख्याने हे मान्य करणं जड जातं, पण या खेळातलं मोठं सत्य बहुतेक वेळा माणसांच्या तोंडून बाहेर आलं आहे. म्हणून माझ्या लेखी विश्वासाचा प्रश्न मुख्यतः हा आहे की, तोंड उघडणाऱ्याचं या खेळात काय होतं.

पूर्वी काय होत होतं ते सांगतो. क्रिस्तोफ बासों हा फेस्टिना संघातलाच रायडर. चौकशीत त्याच्याच सहकाऱ्यांनी सांगितलं की हा एकटा काही घेत नव्हता. १९९९च्या टूरमध्ये तो वर्तमानपत्रात स्तंभ लिहून वेगाबद्दल शंका मांडत होता. पेलोटॉनने, म्हणजे रायडरांच्या मुख्य घोळक्याने, त्याच्याशी बोलणं टाकलं. आर्मस्ट्राँगने त्याच्या शेजारी सायकल आणून त्याला घरी जायला सांगितलं. तो शर्यत अर्धवट सोडून खरंच घरी गेला, आणि दोन वर्षांत व्यावसायिक सायकलिंगमधूनही बाहेर पडला.

२००४ मध्ये इटलीचा रायडर फिलिप्पो सिमेओनी. त्याने आर्मस्ट्राँगचा डॉक्टर मिकेले फेरारी याच्याविरुद्ध इटलीच्या न्यायालयात साक्ष दिली होती. टूरच्या १८व्या टप्प्यात तो एका किरकोळ आघाडीत सामील व्हायला पुढे निघाला. एकूण क्रमवारीशी त्याचा काही संबंध नव्हता. तरी पिवळ्या जर्सीतला आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्या मागे गेला आणि तो परत फिरल्याशिवाय हटला नाही. मागे आल्यावर कॅमेऱ्यासमोर त्याने ओठांवरून चेन ओढल्याची, म्हणजे तोंड बंद ठेवायची, खूण केली. हे थेट प्रक्षेपणात जगाने पाहिलं. एवढं उघड धमकावणं दुसऱ्या एखाद्या खेळात झालं असतं तर पंचांनी काय केलं असतं याचा विचार करा. इथे काहीच झालं नाही. एमा ओ’रायली ही त्याच्या संघातली मालिश करणारी मदतनीस. मागच्या तारखेच्या चिठ्ठीची गोष्ट तिनेच सांगितली. तिच्यावर खटला आणि वर चारित्र्यावर चिखलफेक. फ्लॉइड लँडिस स्वतः २००६च्या टूरमध्ये टेस्टोस्टेरॉनसाठी सापडला, चार वर्षं खोटं बोलला, आणि २०१० मध्ये जेव्हा खरं बोलला तेव्हा खोटारडा म्हणून हिणवला गेला.

आणि गप्प राहणाऱ्यांना काय मिळत होतं? नोकरी. इथे सायकलिंगचं अर्थकारण समजून घ्यावं लागतं. या खेळात तिकीट नाही, रस्त्याच्या कडेला कोणीही उभं राहतं. दूरचित्रवाणीचे पैसे प्रामुख्याने आयोजकांकडे जातात. संघ जगतो तो जवळजवळ पूर्णपणे जर्सीवर नाव असलेल्या प्रायोजकावर. एका रायडरचं प्रकरण बाहेर आलं की प्रायोजक जातो, आणि मेकॅनिकपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांचे पगार जातात. राबोबँक १७ वर्षं या खेळात होती; यूसाडाचं निर्णयपत्र बाहेर आल्यावर काही दिवसांत तिने पाय काढता घेतला. त्यात रायडरचा करार एक-दोन वर्षांचा. अशा ठिकाणी खरं बोलणारा माणूस शेजाऱ्याच्या पोटावर पाय देणारा ठरतो. ‘ओमेर्ता’ म्हणजे मौनाची शपथ, हा माफियांचा शब्द पेलोटॉनला चिकटला तो यामुळेच. सगळे खलनायक होते असं मला कधीच वाटलं नाही. बरेचसे घर चालवणारे होते.

आता जबाबदारी. यूसाडाने आर्मस्ट्राँगला आजीवन बंदी घातली आणि ज्या सक्रिय सहकाऱ्यांनी साक्ष दिली त्यांना सहा-सहा महिने. त्या वेळी खूप आरडाओरडा झाला: हिवाळ्यात शर्यती नसतात, मग ही शिक्षा की सुट्टी? राग मला समजतो. बासोंसारख्याच्या जागेवर बसून तर तो दुप्पट समजतो. तरीही माझं मत त्या सवलतीच्या बाजूने आहे. साक्षीशिवाय ते प्रकरण उभंच राहिलं नसतं. सवलत दिली म्हणून आपल्याला सात जेतेपदांमागचं पूर्ण यंत्र कळलं: कोणी आणायचं, कुठे ठेवायचं, कोण डोळे मिटून घ्यायचं. आणि एक विसरलं जातं. त्या रायडरांच्या नावापुढची त्या काळातली कामगिरी पुसली गेली, आणि ती कबुली त्यांनी स्वतःच्या नावाने, सही करून दिली.

याउलट ज्याला ‘शून्य सहनशीलता’ म्हणतात ते धोरण. २०१२च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या टीम स्कायने आपल्या प्रत्येक माणसाकडून लिहून घेतलं की पूर्वी कधी डोपिंगशी संबंध आला नाही. ज्याचा आला असेल त्याने बाहेर जायचं. ऐकायला स्वच्छ वाटतं. प्रशिक्षक बॉबी जूलिच याने आपण १९९०च्या दशकात ईपीओ घेतल्याचं कबूल केलं आणि त्याला जावं लागलं. म्हणजे खरं सांगणाऱ्याची नोकरी गेली. खोटं सांगणारा कोणी असलाच तर त्याचं काय बिघडलं असतं? सही ठोकायची आणि कामाला लागायचं. माणूस खरं बोलेल तेव्हाच दार बंद करायचं, असं धोरण आखून वर पारदर्शकतेची अपेक्षा करणं मला कधी पटलं नाही.

दुसरा मार्ग ब्रिटिश रायडर डेव्हिड मिलरचा. २००४ मध्ये फ्रेंच पोलिसांनी बियारिट्झमधल्या त्याच्या घरातून ईपीओच्या दोन वापरलेल्या सिरिंज जप्त केल्या. त्याने कबूल केलं. दोन वर्षांची बंदी भोगली, वेळेविरुद्धच्या शर्यतीचं जागतिक विजेतेपद गेलं, आणि परत आल्यावर तो ‘कसं घडलं’ ते सांगत राहिला: पहिल्या वेळी नाही, दुसऱ्या वेळी हो, मधल्या काळात कोण काय बोललं. जोनाथन वॉटर्सच्या ज्या संघात तो पुढे गेला तिथे अशी बरीच माणसं होती. हा संघ आदर्श होता असं मी म्हणणार नाही. पण तिथल्या तरुण रायडरला डोपिंगबद्दल विचारायचं असेल तर विचारायला माणूस होता.

त्यामुळे संघाच्या गाडीत बसलेल्या जुन्या पाप्याबद्दल तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: तो काय बोलला आहे ते बघा. सविस्तर, नावानिशी, स्वतःचं नुकसान करून बोलला असेल तर मला तो चालतो. ‘एकदा चूक झाली, आता पुढे बघू’ एवढ्यावर भागवणारा मला चालत नाही, मग त्याने शिक्षा पूर्ण भोगलेली का असेना. डेन्मार्कच्या ब्यार्ने रीसने १९९६ ची टूर ईपीओवर जिंकली होती, हे २००७ मध्ये सांगितलं. मधल्या ११ वर्षांतला बराच काळ तो संघ चालवत होता आणि तरुणांना घडवत होता. हे मला त्या इंजेक्शनांपेक्षा जास्त खटकतं.

रायडर पटकन सापडतो, त्याच्यामागचा माणूस उशिरा. आर्मस्ट्राँगचा संघव्यवस्थापक योहान ब्रॉयनीलला आधी १० वर्षांची बंदी झाली होती; ती आजीवन व्हायला २०१८ उजाडलं. पुएर्तोची गोष्ट तर वैतागाची. २००६ मध्ये स्पेनमध्ये डोपिंग हा गुन्हाच नव्हता, म्हणून खटला चालला सार्वजनिक आरोग्याला धोका या कलमाखाली. २०१३ मध्ये न्यायाधीशांनी रक्ताच्या पिशव्या नष्ट करायचा आदेश दिला. अपील झालं, २०१६ मध्ये पिशव्या उत्तेजकविरोधी संस्थांना द्या असा निकाल आला, पण तोवर १० वर्षं होऊन कारवाईची मुदत गेलेली होती. काही नावं तेवढी बाहेर आली. इटलीचा रायडर इव्हान बास्सो याच्या पिशवीवर सांकेतिक नाव होतं ‘बिरिल्लो’, हे त्याच्या कुत्र्याचं नाव. बाकीची रक्तं कुणाची, त्यात इतर खेळांतले कोण होते, हे जाहीर झालंच नाही. हे सांगायचं कारण, सायकलिंग सगळ्यांत घाणेरडा खेळ आहे असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो: घाण जास्त होती, की कपाट जास्त वेळा उघडलं गेलं?

हे झालं माणसांचं. यंत्रणेत मात्र खरा फरक पडला आहे.

सर्वांत मोठा फरक जैविक पासपोर्टचा, २००८ पासूनचा. त्यात द्रव्य शोधत नाहीत, त्याच्या खुणा शोधतात. प्रत्येक रायडरचं रक्त वर्षभरात अनेकदा, बहुतेक वेळा न सांगता, घेतलं जातं. नमुना घेण्याआधी त्याला १० मिनिटं पाय जमिनीवर टेकवून बसवायचं, कारण नुसत्या उभं राहण्या-झोपण्यानेही आकडे हलतात. मुख्यतः दोन गोष्टी बघतात: हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट म्हणजे नवजात लाल पेशींचं प्रमाण. रक्त काढून ठेवलं की शरीर घाईने नव्या पेशी बनवतं, नवजातांचं प्रमाण वाढतं. तेच रक्त परत चढवलं की शरीर म्हणतं ‘पुरे’, आणि नवजात कमी होतात. दोन्ही मिळून एक गुण काढतात: लिटरमागे हिमोग्लोबिनचे ग्रॅम, त्यातून रेटिक्युलोसाइटच्या टक्केवारीच्या वर्गमुळाची ६० पट वजा. समजा हिमोग्लोबिन १५० आणि नवजात १ टक्का, तर गुण ९०. त्याच माणसाचं हिमोग्लोबिन १६५ आणि नवजात ०.४ टक्के झाले तर गुण १२७ च्या आसपास जातो. रक्त भरपूर आणि नवी पेशी मात्र जन्मत नाही, असं निसर्गात सहसा होत नाही. आणखी एक खूण मला आवडते. तीन आठवड्यांच्या शर्यतीत रक्तातलं पाणी वाढत जातं आणि हिमोग्लोबिनचा आकडा साधारणपणे खाली येतो. तिसऱ्या आठवड्यात तो जागचा हललाच नसेल, तर तज्ज्ञांच्या भुवया उंचावतात. आणि या तज्ज्ञांना नाव दिसत नाही, फक्त आलेख दिसतो.

पासपोर्ट रामबाण नाही. चेक रायडर रोमान क्रॉयझिगरवर २०१४ मध्ये यूसीआयने पासपोर्टवरून कारवाई सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती मागे घ्यावी लागली. शिवाय रायडरांनी, खरं तर त्यांच्या सल्लागारांनी, पासपोर्टच्या रेषांच्या आत राहायला शिकून घेतलं: रात्री अगदी लहान मात्रा, सकाळपर्यंत खूण गायब. २०१५ मध्ये यूसीआयने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने १७४ जणांशी बोलून जो अहवाल दिला त्यात हे स्पष्ट लिहिलं होतं. त्याच अहवालात एका जाणत्या व्यक्तीने अजूनही ९० टक्के घेतात म्हटलं आणि दुसऱ्याने २० टक्के. दोघंही आतले. लोक हसले, पण मला ती प्रामाणिक नोंद वाटली. माझ्या मते पासपोर्टने डोपिंग संपवलं नाही, पण त्याची पातळी खाली आणली. पूर्वी ज्या मात्रेवर माणूस वेगळाच प्राणी होऊन जायचा, ती मात्रा आता झेपत नाही. स्वच्छ रायडरसाठी हा फरक नुसता कागदी नाही. दहा टक्क्यांनी मागे पडणारा घरी जातो, एक-दोन टक्क्यांनी मागे पडणारा कधीतरी जिंकतो.

दुसरा फरक, चौकशी कोण करतं हा. पूर्वी खेळाची जाहिरात करणारी आणि खेळातले चोर पकडणारी संस्था एकच, यूसीआय. त्यात आर्मस्ट्राँगने तिला एक लाख डॉलरहून जास्त देणगी दिली होती आणि तिने ती घेतली होती. संघटना म्हणाली, डोपिंगविरोधी कामालाच वापरली. असेलही. पण ज्याची झडती घ्यायची त्याच्याकडून टॉर्च घेऊ नये, एवढं तर कळायला हवं होतं. आज चाचण्यांचं काम आंतरराष्ट्रीय चाचणी संस्थेकडे आहे, १ जानेवारी २०२१ पासून. नियम जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेचे, म्हणजे वाडाचे. नाव चिरेबंदी वाटतं, पण तिच्या भिंतींनाही भेगा आहेत, तो वेगळा विषय.

छोट्या नियमांकडे लोक दुर्लक्ष करतात, माझा मात्र त्यांच्यावर जास्त जीव आहे. २०११ पासून वैद्यकीय कारणाशिवाय सुई वापरायला बंदी आली, अगदी व्हिटॅमिनचीसुद्धा. कारण व्हिटॅमिनची सुई टोचून घ्यायची सवय झालेला दंड पुढच्या सुईला फारसा विचार करत नाही. मिलर काय किंवा इतर काय, सगळ्यांच्या कबुलीत तो जिना दिसतो. ट्रामाडोल हे वेदनाशामक यूसीआयने २०१९ मध्येच बंद केलं, वाडाने शर्यतीदरम्यानची बंदी आणली ती २०२४ मध्ये. २०२२च्या टूरमध्ये कोलंबियाचा नायरो किंताना सहावा आला होता, तो निकाल ट्रामाडोलमुळे रद्द झाला. अलीकडचं उदाहरण कार्बन मोनॉक्साइडचं. उंचीवरच्या सरावाचा रक्तावर किती परिणाम झाला हे मोजायला हा वायू अगदी थोड्या प्रमाणात हुंगवतात. मोजायला म्हणून आणलेलं यंत्र रोज हुंगायला वापरलं तर काय, हा प्रश्न २०२४च्या टूरमध्ये उघडपणे चर्चेला आला आणि १० फेब्रुवारी २०२५ पासून यूसीआयने वैद्यकीय कारणाशिवाय त्यावर बंदी घातली. पकडण्याआधी दार लावायची ही पद्धत या खेळात नवीन आहे.

आता घाटावरच्या वेगाचं. २०२४च्या टूरमध्ये स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने प्लातो द बेय हा चढ इटलीच्या मार्को पांतानीच्या १९९८ मधल्या वेळेपेक्षा साडेतीन मिनिटांच्या आसपास कमी वेळात पार केला. पांतानीचा त्या टूरमधला नमुना नंतर ईपीओसाठी पॉझिटिव्ह निघाला, हे फ्रेंच सिनेटच्या २०१३च्या अहवालात आलं. मग हिशोब सरळ दिसतो ना? मला तो सरळ दिसत नाही. रस्ता तोच, पण आधीच्या घाटात कोणी किती ताणलं, वारा कुठून होता, टायर, सायकल, कपडे, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे खाणं. पूर्वी तासाला ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट म्हणजे डोक्यावरून पाणी, आज १०० ते १२० ग्रॅम पचवायचा सराव करतात. पोगाचारविरुद्ध नियमभंगाचं एकही प्रकरण नाही. वेळ हा पुरावा नाही. शंका घ्यायला मात्र पुरेसं कारण आहे, आणि शंका घेणाऱ्याला वेड्यात काढू नये. बासोंने वेगावरूनच शंका घेतली होती.

उलट बाजूही बघायला हवी. २०१७च्या वुएल्तामध्ये, म्हणजे स्पेनच्या मोठ्या शर्यतीत, ब्रिटनच्या क्रिस फ्रूमच्या नमुन्यात दम्याचं सालब्युटामोल मर्यादेच्या दुप्पट निघालं. हे औषध ठरावीक मात्रेत चालतं, त्यामुळे नियमानुसार त्याला लगेच थांबवायचं नव्हतं आणि नावही गुप्त ठेवायचं होतं. डिसेंबरमध्ये बातमी फुटली. पुढच्या मे महिन्यात तो प्रकरण डोक्यावर असतानाच जिरो ही इटलीची मोठी शर्यत जिंकला आणि जुलैच्या सुरुवातीला निर्दोष सुटला. निकाल चुकला असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. पण सुटकेची कारणमीमांसा सविस्तर जाहीर झाली नाही, आणि माझ्या मते नुकसान तिथे झालं. शिक्षा झाली तर पानंच्या पानं बाहेर येतात, सुटका झाली की चार ओळींचं पत्रक. ज्याच्यावर आळ येऊन गेला त्याला तर कारणं छापली जाण्याची जास्त गरज असते.

तुम्ही प्रेक्षक आहात, तुमच्या हातात पासपोर्टचे आलेख नाहीत. तरी काही गोष्टी बघता येतात. संघाचा डॉक्टर कोण आणि तो आधी कुठे होता. प्रश्न विचारणाऱ्या पत्रकाराला उत्तर मिळतं की पुढच्या वेळी प्रवेश नाकारला जातो. संघ ‘मूव्हमेंट फॉर क्रेडिबल सायकलिंग’सारख्या स्वेच्छा गटात आहे का, तिथे शर्यतीआधी रायडरच्या शरीरातलं कॉर्टिसोल हे संप्रेरक कमी निघालं तर नियम सांगत नसतानाही त्याला आठ दिवस बसवतात. आपलाच रायडर सापडला तेव्हा संघाने पहिल्या दिवशी काय केलं. यातलं काहीही स्वच्छतेचं प्रमाणपत्र नाही, पण खोटं बोलायची कुणाला किती सवय आहे याचा अंदाज येतो.

राहिला विश्वासाचा प्रश्न. मी विजेत्यावर विश्वास ठेवत नाही आणि अविश्वासही ठेवत नाही. टप्पा बघतो, टाळ्या वाजवतो, आणि बाटल्यांचा विचार करतो. नमुने निवडून गोठवून ठेवले जातात, आणि २०१५च्या संहितेपासून कारवाईची मुदत १० वर्षांची आहे. म्हणजे २०२५च्या टूरमधली एखादी बाटली २०३५च्या उन्हाळ्यापर्यंत, तेव्हाच्या यंत्रावर, पुन्हा उघडता येते. ज्या पोराने माझे उलटे आकडे पकडले होते त्याचीही बाटली कदाचित अशीच कुठेतरी असेल. त्याने फॉर्म ज्या काळजीने वाचला, त्यावरून मला वाटतं त्याला तिची भीती नसावी. पण हे माझं वाटणं आहे, आणि माझ्या वाटण्यावर कुणाला शिक्षा किंवा सूट देता येत नाही, हेही बरंच आहे.